ती पोकळी बर्फाची नव्हती

४ जानेवारी

प्रिय नणंदबाई,

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला नव्यानं काही झालेलं नाही. फोनवर बोलायची सोय नाही म्हणून लिहितेय. वर घरात बोलावं तर शेजारच्या खोलीत तुझ्या आई, खाली माझ्या गाद्या-कोचांच्या दुकानात बोलावं तर गिऱ्हाईक. आणि आईंचे कान तुला ठाऊक आहेत. गेल्या महिन्यात मी कुजबुजलेलं त्या परवा पाहुण्यांसमोर जसंच्या तसं म्हणून दाखवत होत्या.

आमच्या भिंगरीच्या पायांत बळ नाही म्हणून पोरीच्या मांडीतून स्नायूचा तुकडा काढून तपासायला दिला होता ना, त्याचा निकाल आला. स्नायूंच्या पेशींत शक्ती तयार करणारे कण असतात, मायटोकॉन्ड्रिया, ते बिघडलेत म्हणे. त्यावर डॉक्टरांनी जे वाक्य टाकलं ते माझ्या कानातून जात नाही. "हे कण मुलाला फक्त आईकडून मिळतात." आई आमच्यासोबत आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता इथेच मला हातकड्या घालतात.

तेव्हापासून घरात एकच पाठ चालू आहे. "आमच्याकडे सात पिढ्यांत कुणी असं नव्हतं." चहा घेताना तेच, शेजारणीशी तेच. परवा तर दुकानात येऊन, मीच भरलेल्या कोचावर बसून, माझ्याच गिऱ्हाइकाला तेच सांगितलं. गिऱ्हाईक बिचारं उशीचं कापड बघायला आलं होतं, ते माझ्याकडेच बघत राहिलं.

मी हे सगळं गिळलं असतं गं. पण आईंनी ते धाकटीच्या सासरीही फोन करून कळवलं. माझी धाकटी बहीण किती वर्षांनी गरोदर राहिलीय, तुला माहीत आहे. तिसरा महिना आहे. आम्ही दोघी एकाच आईच्या, म्हणजे तेच कण तिच्यातही असणार, असा अर्थ तिथे लावला गेला. तिची सासू आता 'ठेवायचं की नाही' या भाषेत बोलते. धाकटी माझा फोन उचलत नाही. मी गेले तर दाराआडून म्हणाली, "ताई, आत्ता नको."

तू प्रयोगशाळेत दिवसभर स्नायूंचे काप करतेस. मला आडपडदा न ठेवता सांग, हे माझ्याकडून गेलं का? गेलं असेल तर तसं सांग. मी रडेन, मग उठेन आणि गाद्या भरेन. पण धाकटीला काय सांगायचं ते मला कळायलाच हवं.

भिंगरी मजेत आहे. सहा वर्षांची घोडी झाली तरी तुझा दादा तिला पाठुंगळी घेऊन वर आणतो. गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या स्वतःच्या घराला मात्र नुसता जिना.

तुझी,
वहिनी


११ जानेवारी

प्रिय वहिनी,

पत्र वाचून आधी आईचा राग आला, मग हसू आलं, मग परत राग आला. सात पिढ्या म्हणे! तिला तिच्या आजीच्या पलीकडचं एक नाव विचारून बघ.

आता नीट ऐक. डॉक्टर बोलले ते अर्धंच खरं आहे. त्या कणांमध्ये स्वतःची म्हणून थोडी जनुकं असतात, ती आईकडूनच येतात, बरोबर. पण ते कण धडपणे चालायला आणखी शेकडो जनुकं लागतात, आणि ती दोघांकडून येतात, एक प्रत आईची आणि एक बापाची. कण बिघडले म्हणून लगेच आईकडे बोट दाखवायची काही गरज नव्हती. याचा अर्थ तुझ्याकडून नाहीच गेलं, असंही मी म्हणत नाही. मला अजून काहीच माहीत नाही. मी तुला गोड बोलून फसवणार नाही.

दोन गोष्टी कर. एक, निकालाची पूर्ण प्रत पाठव, तळटीपांसकट. दोन, तुकडा तपासताना तो गोठवतात आणि थोडा मागे ठेवतात. तो उरलेला तुकडा आमच्या प्रयोगशाळेत पाठवा, अशी लेखी विनंती तुम्ही दोघांनी सही करून तिथे द्या. दादाला एकट्याला पाठवू नकोस. तो 'बरं बरं' म्हणून हात हलवत परत येईल.

आमच्या बाईंना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सगळं सांगितलं. म्हणाल्या, "भाचीचा तुकडा तू कापायचा नाहीस. मी कापेन, तू बाजूला उभी राहा आणि तोंड बंद ठेव." पहिलं जमेल, दुसऱ्याचं बघू.

आणि जेव. तू चिडलीस की जेवत नाहीस, मला माहीत आहे.

तुझी,
शेंडेफळ


२३ जानेवारी

प्रिय नणंदबाई,

तुकडा निघाला. बर्फाच्या डब्यातून, रीतसर. तुझ्या दादाला नेलं होतं सोबत, पण बोलले मीच. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "बाई, निकाल लागलाय, आता कशाला परत?" मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही कोच विकत घेतला आणि बसल्यावर कुरकुरला तर परत आणाल की नाही?" तो हसला आणि शिक्का मारला.

निकालाची प्रत सोबत आहे. त्यातलं मला एकच वाक्य कळलं, कारण ते साध्या भाषेत आहे. 'पेशींच्या मध्यभागी दिसणाऱ्या पोकळ्या गोठवताना झालेल्या बर्फामुळे.' म्हणजे काय गं? माझ्या पोरीच्या पायात बर्फ कुठून आला?

आई विचारत होत्या, डब्यात काय होतं. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "किती तपासायचं एकच गोष्ट? माणसानं मान्य करायला शिकावं."  मी खाली जाऊन एका खुर्चीचं जुनं कापड टराटरा फाडलं. ती खुर्ची उसवायचीच होती, पण इतक्या जोरात नाही.

धाकटीचा अजून फोन नाही.

वहिनी


६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

बस आधी. उभ्यानं वाचू नकोस.

बर्फाचं तुला सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. स्नायूचा तुकडा कापण्याआधी अतिथंड द्रवात झटकन बुडवावा लागतो. हात जरा सावकाश पडला तर पेशीतल्या पाण्याचे खडे होतात आणि कापात भोकं दिसतात. ही आमच्या कामातली रोजची कटकट. त्यामुळे भोक दिसलं की बघणारा सवयीनं 'बर्फ' लिहितो आणि पुढच्या कापाकडे वळतो. तिथल्या माणसानं तेच केलं. आमच्यातल्या निम्म्या जणांनी तेच केलं असतं.

बाईंनी काल उरलेला तुकडा कापला, रंग चढवला, भिंगाखाली ठेवला. बराच वेळ बघितलं. मग सरकून मला जागा दिली आणि म्हणाल्या, "बर्फाला इतकी शिस्त असते का गं?"

वहिनी, बर्फ कुठेही भोक पाडतो, लहान, मोठं, वेडंवाकडं, कापभर चाळण करून टाकतो. इथे पेशीमागून पेशी बघितली, प्रत्येकीत बरोबर मधोमध रिकामं आणि कडेला ते कण, फुगून अवाढव्य झालेले. कण मधली जागा सोडून कडेला गेलेत. ती पोकळी बर्फाची नव्हती. ती भिंगरीची होती, पहिल्यापासून.  तोंड बंद ठेवणं अर्थातच जमलं नाही.

असं चित्र दिसलं की एका जनुकावर संशय घ्यायचा असतो. त्याचं नाव सीएचकेबी, राहतं बाविसाव्या गुणसूत्रावर. त्याचं काम एक एन्झाइम बनवणं. आपल्या पेशींच्या आणि त्या कणांच्या भिंती ज्या मालाच्या असतात त्याला फॉस्फोलिपिड म्हणतात. तो माल तयार करायची अगदी पहिली पायरी हे एन्झाइम करतं. ते नसेल तर भिंतींना माल कमी पडतो आणि कणांचा असा गोंधळ होतो. मायटोकॉन्ड्रिया बिघडलेले दिसतात, पण मूळ दोष त्यांच्या स्वतःच्या जनुकांत नसतोच.

हा संशय आहे, खात्री नाही. खात्रीसाठी भिंगरीचं, तुझं आणि दादाचं रक्त लागेल. दादाच्या बाजूनं मी माझंही देतेय. बाईंनी घाईचं म्हणून आधी घ्यायचं कबूल केलंय. कापाचा फोटो पाठवतेय.

तुझी,
शेंडेफळ


१२ फेब्रुवारी

नणंदबाई,

पहिल्यांदा वाचलं आणि डोकंच फिरलं. म्हटलं, परत माझंच रक्त? म्हणजे हिलाही शेवटी तेच म्हणायचंय, फक्त गोड शब्दांत. पत्र टेबलावर आपटलं. मग तुझ्या दादानं ते उचलून मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "अगं, माझंही मागितलंय की! आणि ती स्वतःचंही देतेय." तेव्हा कुठे जरा जमिनीवर आले. राग मानू नकोस. इतके दिवस बोट एकाच दिशेनं बघितलं की दुसरीकडे काही असू शकतं हे डोक्यात शिरत नाही.

फोटो बघितला. गादी वर्षानुवर्षं उलटली नाही की कापूस कडेला सरकतो आणि मधे खड्डा पडतो, तसंच दिसतं गं. बघवत नव्हतं. आणि तरी बरंही वाटलं, काहीतरी दिसलं तरी. इतके दिवस नुसता शब्द होता.

आता खरी गंमत. रक्त घ्यायला माणूस घरी आला, तर आई आपणहून बाही सरसावून बसल्या. "माझंही घ्या. होऊन जाऊ दे एकदाचं. आमच्या बाजूला काही नाही हे कागदावर येऊ दे." तुझा दादा म्हणाला, "आई, तुझं नकोय." तर म्हणाल्या, "का? माझं रक्त काय पाण्याचं आहे?" शेवटी घेतलं. बाटलीवर चिठ्ठी नीट चिकटवली की नाही तेही त्यांनी स्वतः तपासलं.

धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला होता. म्हणाला, ती नुसती भिंतीकडे बघत बसते. घाई कर गं.

वहिनी


३ मार्च

वहिनी!

सापडलं! सीएचकेबीच आहे. बाईंनी मला खोलीत बोलावून पडदा दाखवला आणि मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचे लोक आत आले. बाई मला ओरडल्या नाहीत. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण त्या चष्मा पुसायचं नाटक करत होत्या.

भिंगरीच्या दोन्ही प्रतींत चूक आहे, दोन वेगळ्या जागी. एक चूक तुझ्याकडून आली. दुसरी दादाकडून. कळलं? तुझी एक, त्याची एक. एक प्रत चालू असली तरी काम भागतं, म्हणून तू धडधाकट आणि दादा तर बैलच. दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच लेकराच्या वाट्याला आल्या तरच आजार होतो. कुणी कुणाला दिला म्हणायचं? दोघांनी नकळत दिला, आणि दोघांपैकी कुणाचाच अपराध नाही. हे मी छापील अहवालासोबत पाठवतेय. फ्रेम करून दुकानात लाव हवा तर.

आता धाकटीचं. हे तिला तू स्वतः जाऊन सांग. तुझी चूक तिच्यात असेल किंवा नसेलही. समजा असली, तरी तिच्या नवऱ्याचीही एक प्रत बिघडलेली असल्याशिवाय बाळाला हा आजार होत नाही, आणि तसं असणं फार दुर्मीळ. त्याचं रक्त पाठवा, तेही तपासून टाकू, म्हणजे कुणाच्या मनात किडा राहायला नको.

एक गोष्ट मात्र उद्याच करायची, परवा नाही. या जनुकाच्या आजारात कधी कधी हृदयही दुबळं होतं. भिंगरीचं हृदय तपासून घ्या. इतके दिवस नाव माहीत नव्हतं म्हणून कुणी तिकडे बघितलं नाही.

माझ्यातही दादाचीच चूक निघाली. आहे मी अगदी मजेत. आईच्या नमुन्याचं अजून आलेलं नाही.

तुझी,
शेंडेफळ


३० मार्च

माझ्या लाडक्या नणंदबाई,

तुझं पत्र दुकानात हातात पडलं. वाचलं आणि काय झालं कुणास ठाऊक, पोचवायला तयार ठेवलेल्या नव्याकोऱ्या सोफ्यावर चढून मी उड्या मारल्या. स्प्रिंगा चांगल्या आहेत, आता खात्रीनं सांगू शकते. भिंगरी खाली उभी राहून खिदळत होती आणि तुझा दादा 'अगं पडशील' म्हणत स्वतःच रडत होता.

तशीच धाकटीकडे गेले. तिनं परत दाराआडून 'आत्ता नको' म्हटलं. मी म्हटलं, "नको तर नको, मी इथूनच वाचते," आणि जिन्यात उभी राहून खणखणीत आवाजात तुझं पत्र वाचायला लागले. वरच्या मजल्यावरचे लोक डोकावले. 'तुझी एक, त्याची एक' इथवर आले आणि दार उघडलं. वाळून काठी झालीय गं. मला इतकं घट्ट धरलं की दोघींना नीट श्वास घेता येईना. तिच्या नवऱ्याचं रक्त त्याच दिवशी पाठवलं, आणि काल तुमच्याकडून कळलं, त्याच्या दोन्ही प्रती स्वच्छ. धाकटी पोटावर हात ठेवून 'बाळ' म्हणाली. इतके दिवस ती त्याला 'ते' म्हणत होती.

भिंगरीच्या हृदयाचं तू सांगितलंस ते देवासारखं झालं. जरा दुबळं निघालं. औषध सुरू केलंय. हृदयाच्या डॉक्टर म्हणाल्या, "बरं झालं आत्ता आलात, उशीर झाला असता तर अवघड होतं." पोरीला धाप कमी लागते असं मला वाटतं. आईचं वाटणं म्हणून सोडून दे, पण तिच्या शाळेतल्या बाईंनाही वाटतं.

आता तुझं. तुला खोटं लिहिता येत नाही. सगळ्यांचं रक्त एकदम गेलं, तुझं आलं, दादाचं आलं, आणि आईंचंच तेवढं वाटेत अडकलं? दादात आहे, तुझ्यात आहे, म्हणजे एक तर बाबांकडून नाही तर आईंकडून. तू लपवतेस याचाच अर्थ कळला मला.

खरं सांगते, माझं वाक्य तयार होतं. शिवताना मनात घोळवत होते, कुठल्या शब्दावर थांबायचं तेसुद्धा ठरवलं होतं. पण काल बघितलं, आई भिंगरीला मांडीवर घेऊन तिच्या कोरड्या पडलेल्या हातापायांना मलम चोळत होत्या. रोज चोळतात, न सांगता. मला ते वाक्य बोलवेना. तुझी आई आहे, सांगायचं की नाही ते तू ठरव. मला माझं मिळालं.

तुझी,
वहिनी


१९ एप्रिल

बाळ शेंडेफळा,

तुझं पत्र मिळालं. एवढं भीत भीत लिहायची काही गरज नव्हती. मी अजून पत्र वाचून पडण्याइतकी म्हातारी झालेली नाही.

आधी वाटलं, तुमच्या यंत्राची चूक. मग आठवलं, बाटलीवरची चिठ्ठी मीच तपासली होती. मग वाटलं, तुझ्या बाबांवर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तू स्पष्ट लिहिलंयस, माझ्यातच आहे. दोन दिवस मी तेच पत्र परत परत वाचत बसले. सूनबाईनं विचारलंसुद्धा, "आई, बरं नाही का?" तिला सगळं माहीत होतं हे मला आता कळतंय. ती एक शब्द बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर दारात उभी राहून ओरडले असते. हे मला फार लागलं, बाळ. तिनं टोमणा मारला असता तर मी भांडले असते आणि सुटले असते.

मग मी ठरवलं. जे मी चारचौघांत बोलले ते खोलीत बसून परत घेता येणार नाही. जिथे जिथे बोलले तिथे तिथे जायचं.

शेजारणीकडे गेले. ती म्हणाली, "अहो जाऊ द्या, आता कशाला?" मी म्हटलं, "तेव्हा कान टवकारून ऐकलंत ना, आता हेही ऐका." मग सूनबाईच्या बहिणीच्या सासरी गेले, न कळवता. सगळे बसले होते, तिची सासूही. तिनं चहा विचारला, मी म्हटलं, आधी बोलणं. उभी राहिले आणि सांगितलं, "मी तुम्हाला फोन करून घाबरवलं. मी चुकीचं बोलले. आमच्या नातीच्या आजारातला एक वाटा माझ्या रक्तातून आलाय, कागदावर आहे. या पोरीत भिण्यासारखं काही नाही, तिच्या बाळात तर मुळीच नाही. जे कुणी 'ठेवायचं की नाही' म्हणालं असेल, त्यानं माझ्यासारखंच उभं राहून ते परत घ्यावं."  मग ती सासू उठली, आपल्या सुनेजवळ जाऊन बसली आणि तिचा हात हातात घेतला.  मी तेवढ्यावर समाधान मानलं. मग मात्र चहा घेतला, दोन कप.

शेवटी दुकान राहिलं. तिथे जाणं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. खाली उतरले तर नेमकी गर्दी. कुणी पडद्याचं माप देत होतं, कुणी उशा निवडत होतं. त्यात ते उशीवालं जुनं गिऱ्हाईकही होतं. सूनबाई मशीनवर होती. मी म्हटलं, "मशीन बंद कर." तिला वाटलं, भिंगरीला काही झालं, घाबरून उठली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ऐका हो. मी इथे बसून म्हणाले होते की आमच्याकडे असं कुणी नव्हतं. होतं. मीच होते. माझ्या सुनेला मी कारण नसताना बोलले आणि तिनं ऐकून घेतलं."

सूनबाईनं हातातलं कापड बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आई, सगळं एकट्या कशाला उचलता? अर्धं माझं आहे."

मी म्हटलं, "बरं, अर्धं तुझं. पण त्यावरून तुला यापुढे कुणी एक शब्द जरी बोललं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे."

तशी ती मशीन ओलांडून आली आणि माझ्या गळ्यात पडली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. मीही तिला सोडलं नाही. गिऱ्हाइकं उभी होती ती उभीच राहिली.

तुझी,
आई